हाड जाड झालं, तरी मोडायचं थांबलं नाही

प्रति,
माननीय अधिष्ठाता,
शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, रत्नागिरी



२०२३ साली आपलं महाविद्यालय सुरू झालं तेव्हा जिल्ह्यातल्या अनेकांना वाटलं की आता कोल्हापूर-मुंबईच्या वाऱ्या थोड्या कमी होतील. ती आशा अजून आहे. पण आज मी खाटा, यंत्रं किंवा रिक्त जागांबद्दल लिहीत नाही. आपल्याकडे शिकणारी मुलंमुली आता वॉर्डातून फिरू लागली असतील आणि कधीतरी त्यांच्यासमोर हाडांच्या ठिसूळपणाचा, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसचा धडा येईल. तो शिकवण्याआधी त्यांना फ्लोराइडची हकिकत सांगावी आणि तिच्यातून निघणारं एक काम या जिल्ह्यात सुरू करावं, यासाठी हे पत्र. खासगीत न लिहिता उघड लिहिते आहे, कारण हा विषय जिल्ह्यातल्या घराघरातला आहे.

२०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात १००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. महाराष्ट्रात इतकं प्रमाण दुसऱ्या कुठल्याच जिल्ह्याचं नव्हतं. यामागचं कारण आपल्याला कुणी सांगायला नको. पुरुष चाकरमानी झाले, मुलगे त्यांच्यामागे गेले, मग सुनाही गेल्या. घर राखायला मागे राहिली ती आई, नाहीतर आजी. या बायकांनी उभा जन्म डोक्यावरून कळशा आणल्या, लाकडाच्या मोळ्या आणि कवळाचे भारे वाहिले, चिखलात वाकून लावणी केली. साठीनंतर त्यांची पाठ वाकते. पोक आलं की घरातले म्हणतात, वय झालं. मणका दबून मोडला असेल असा संशयही कुणाला येत नाही, कारण मणका मोडताना आवाज होत नाही, कित्येकदा फारसं दुखतही नाही. मग एखाद्या आषाढात शेवाळलेल्या पाखाडीवरून किंवा न्हाणीत पाय घसरतो आणि खुब्याचं हाड मोडतं. जगभरच्या अभ्यासांत खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी निदान पाचांतलं एक माणूस वर्षाच्या आत जातं. उरलेल्यांपैकी पुष्कळजणी पुन्हा आधाराशिवाय चालत नाहीत. एकटी राहणारी बाई आधाराशिवाय चालेनाशी झाली म्हणजे काय होतं, हे आपल्या अस्थिरोग विभागातल्या कुणालाही विचारा.

आता फ्लोराइडकडे येते.

१९३२ साली कोपनहेगनमध्ये क्रायोलाइट या खनिजाच्या कारखान्यातल्या कामगारांच्या क्ष-किरण तपासण्या झाल्या. कामगारांच्या श्वासातून धूळ आत जात होती आणि त्या धुळीत फ्लोराइड होतं. चित्रांत त्यांची हाडं नेहमीपेक्षा दाट, पांढरी आणि जाड दिसली. काई रोहोल्म या डॅनिश डॉक्टरने या विषबाधेवर सविस्तर ग्रंथ लिहिला, तो १९३७ सालचा. त्याच साली आपल्याकडे मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातून हाच आजार जगापुढे आला. तिथे कारखाना नव्हता. फ्लोराइड विहिरीच्या पाण्यात होतं. माणसांच्या पाठी ताठरल्या होत्या, मान वळत नव्हती, सांधे आखडले होते आणि हाडं मात्र क्ष-किरणात भरदार दिसत होती. ते काम करणाऱ्यांत शॉर्ट आणि राघवाचारी यांच्या जोडीला डॉ. चिंतामण गोविंद पंडित होते. हेच पंडित पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे, म्हणजे आयसीएमआरचे पहिले संचालक झाले. नेल्लोरवर न थांबता १९४० साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातल्या या आजाराचा आणखी खोलात जाऊन अभ्यास मांडला. मुलांच्या दातांवरचे डाग आणि मोठ्यांच्या हाडांतली विकृती त्यांनी एकत्र पाहिली, आणि पाण्याबरोबर माणसाच्या आहाराचाही त्यात वाटा आहे का, हे तपासलं. आपल्या विद्यार्थ्यांना पंडितांचं नाव माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

म्हणजे फ्लोराइडने हाड दाट होतं आणि माणूस अधू होतो, या दोन्ही गोष्टी १९४०पर्यंत छापून आल्या होत्या. पुढच्या काळात पाश्चात्त्य वैद्यकाने त्यांतली पहिली उचलली.

हाडं विरळ होणं हाच आजार असेल तर हाड दाट करणारं द्रव्य हे त्याचं औषध का असू नये, असा विचार झाला. वरवर पाहता त्यात चूक दिसत नाही. १९६१ साली क्लेटन रिच आणि जॉन एन्सिंक यांनी रुग्णांना सोडियम फ्लोराइड देऊन पाहिलं. त्यांच्या शरीरात कॅल्शियम जास्त टिकू लागलं. १९६६ साली अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या पाहणीतून असं पुढे आलं की ज्या भागात पाण्यात फ्लोराइड जास्त, तिथल्या बायकांची हाडं कमी विरळ. मग डॉक्टर हे औषध देऊ लागले. युरोपातल्या काही देशांत त्याला रीतसर परवानगीही मिळाली. अमेरिकेत परवानगी नव्हती, पण अभ्यास आणि वापर दोन्ही चालू होतं.

मेयो क्लिनिकचे लॉरेन्स रिग्ज हे या उपचाराचा हिरिरीने पाठपुरावा करणाऱ्यांपैकी. १९८२ साली त्यांनी आपल्या रुग्णांच्या नोंदींवरून दाखवलं होतं की कॅल्शियम आणि फ्लोराइड घेणाऱ्या बायकांचे मणके कमी मोडतात. पण त्या नोंदींत गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, म्हणून त्यांनी खरी परीक्षा घेतली. पाळी गेलेल्या आणि मणका आधीच मोडलेल्या २०२ बायका. अर्ध्यांना रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड, अर्ध्यांना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. कॅल्शियम सगळ्यांना. चार वर्षं. १९९०च्या मार्चमध्ये निकाल छापून आला.

हे आकडे फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना त्यांच्यासमोर थोडा वेळ बसू द्या. फ्लोराइड घेणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता ३५ टक्क्यांनी वाढली. खुब्याच्या हाडाच्या मानेशी ती १२ टक्क्यांनी वाढली. हाताच्या हाडात मात्र ४ टक्क्यांनी घटली. नवे मणके मोडले ते फ्लोराइडच्या गटात १६३ आणि दुसऱ्या गटात १३६. हा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकेल इतकाच होता. आणि मणक्यांखेरीज इतर हाडं मोडल्याच्या घटना, पायातल्या बारीक भेगा धरून, फ्लोराइडच्या गटात ७२, दुसऱ्या गटात २४.

तिप्पट. चार वर्षं रोज गोळी घेऊन, पोटाचा त्रास सोसून, टाचा-घोटे दुखत असताना, घनतेचा आकडा चढताना पाहून समाधान मानलेल्या बायकांची हाडं तिप्पट मोडली. डेट्रॉइटला मायकेल क्लीरेकोपर यांनी केलेल्या दुसऱ्या चाचणीतही मणक्यांचं मोडणं कमी झालं नाही. १९९८ साली फ्रान्समधून ३५४ बायकांचा अभ्यास आला. त्यातही फ्लोराइड घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांचे मणके सारख्याच प्रमाणात मोडले. मात्रा कमी करून, गोळी सावकाश विरघळणारी करून पुढेही प्रयत्न झाले, काहींतून थोडा चांगला निकालही आला, पण या उपचाराची पत पुन्हा उभी राहिली नाही.

आपणच उमेदीने मांडलेल्या उपचाराविरुद्धचा पुरावा आपल्याच नावाने छापणं सोपं नसतं. रिग्ज यांनी ते केलं, याबद्दल मला फार आदर वाटतो.

असं का झालं, हे आपण माझ्यापेक्षा नीट सांगाल. मी विज्ञानाची शिक्षिका होते, डॉक्टर नाही. मला समजलं ते असं. हाडातल्या खनिजात जिथे हायड्रॉक्सिल असतो तिथे फ्लोराइड जाऊन बसतं आणि स्फटिकाचा घाट बदलतो. शिवाय ते हाड बांधणाऱ्या पेशींना चेतवतं, त्यामुळे नवं हाड भराभर तयार होतं. पण त्याची वीण विस्कळीत असते आणि त्यात खनिज नीट मुरत नाही. ही भर पडते ती मणक्याच्या आतल्या जाळीदार भागात. हातापायांच्या आणि खुब्याच्या हाडांना बळ देणारं बाहेरचं घट्ट कवच त्या खटाटोपात उलट झिजतं. आपल्याकडे घर बांधणाऱ्या गवंड्याला हे समजावून सांगायला लागणार नाही: ठिसूळ, भुसभुशीत चिऱ्याची भिंत दुप्पट जाड केली म्हणून पावसात उभी राहत नाही.

७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइडमध्ये सुमारे ३४ मिलिग्रॅम फ्लोराइड असतं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम असावं आणि दुसरा स्रोतच नसेल तर फार तर १.५. आता लिटरमागे ६ मिलिग्रॅम असलेल्या विहिरीचं पाणी उन्हात राबणारी एखादी शेतमजूर बाई दिवसाला पाच लिटर प्यायली, तर तिच्या पोटात ३० मिलिग्रॅम जातं. म्हणजे मेयो क्लिनिकमधल्या बाईला जे औषध म्हणून मोजून देत होते, जवळजवळ तेवढंच आपल्या देशातल्या बाईला विष म्हणून मिळत होतं, कुणी न मोजता. आणि त्या विषाचा नकाशा आपल्याकडे होता. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या आपल्याच राज्यातल्या जिल्ह्यांत फ्लोराइडने वाकलेली माणसं आहेत. अशा पाण्यातून फ्लोराइड काढण्याची तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धत शोधली ती नागपूरच्या नीरी संस्थेने. फ्लोरोसिस झालेल्या बाईला घनता मोजायच्या यंत्राखाली झोपवलं तर तिच्या मणक्यांचा आकडा उत्तम, कदाचित नेहमीपेक्षा फारच उत्तम येईल. आणि तिला मान वर करून आपल्याकडे बघता येणार नाही.

आता मी रत्नागिरीत परत येते, कारण हे सगळं लिहायचं कारण इथे आहे. तालुक्यांच्या गावी आता हाडांच्या तपासणीची मोफत शिबिरं भरतात. बाई खुर्चीवर बसते, टाचेशी लहानसं यंत्र लावतात, एक चिठ्ठी बाहेर येते. चिठ्ठीवर उणे चिन्हाचा एक आकडा आणि लाल, पिवळा, हिरवा रंग. लाल आला की गोळ्या, पावडरचे डबे, महिन्यांची मालिका. आकडा थोडा सुधारला की सगळे खूश. असे लाल रंगाचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून जपून ठेवलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांतल्या कुणालाही एकाही शिबिरात विचारलेलं नव्हतं: आजी, गेल्या वर्षभरात पडलात का? उंची कमी झाली का? मनगट कधी मोडलं होतं? आईचा खुबा मोडला होता का?

टाचेच्या त्या यंत्रावरून ऑस्टिओपोरोसिसचं निदान होत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवलेली उणे २.५ ची रेषा खुब्याच्या आणि मणक्याच्या डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी घनता मोजणाऱ्या तपासणीसाठी आहे, आणि तीही गोऱ्या स्त्रियांच्या हाडांवरून आखलेली. पण समजा तपासणी अगदी निर्दोष झाली, तरीसुद्धा फ्लोराइडने शिकवलेली गोष्ट शिल्लक राहते. अलेंड्रोनेट या औषधाची मोठी चाचणी १९९६ साली प्रसिद्ध झाली. तीन वर्षांत कमरेच्या मणक्यांची घनता औषधाविना असलेल्या गटापेक्षा जेमतेम ६ टक्क्यांनी जास्त झाली, आणि मणक्यांचं आणि खुब्याचं मोडणं जवळजवळ निम्म्यावर आलं. फ्लोराइडने ३५ टक्के वाढवली आणि काहीच वाचवलं नाही. हे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवले की आकड्याच्या मागे धावणं किती फसवं आहे ते दिसतं. तपासणी टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. कुणाला औषध द्यायचं हे ठरवायला ती उपयोगी आहे आणि ज्या बाईचा मणका किंवा खुबा एकदा मोडला तिला सिद्ध झालेलं औषध मिळालंच पाहिजे. आज यातली काही औषधं स्वस्त आहेत. दुःख याचं आहे की खुबा मोडून ऑपरेशन होऊन घरी गेलेल्या बाईला पुष्कळदा नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांवर पाठवतात, आणि जिचं काही मोडलेलं नाही, जी कधी पडलेली नाही, तिच्या घरी डबे साठतात.

म्हणून मागणी एकच. आपल्या महाविद्यालयाने जिल्ह्यात मोडलेल्या हाडांची नोंदवही उघडावी. पन्नाशी ओलांडलेल्या ज्या बाईचा (आणि पुरुषाचाही) खुबा, मनगट किंवा मणका उभ्या उंचीवरून पडून मोडला, तिची नोंद. मंडणगडपासून राजापूरपर्यंत, उपजिल्हा रुग्णालयांत, ग्रामीण रुग्णालयांत, खासगी दवाखान्यांत, आणि जमेल तिथे हाडवैद्याकडे गेलेल्यांचीसुद्धा. अजूनही कितीतरी जणी आधी तिकडेच जातात आणि खुबा मोडलेला असताना लेप लावून आठवडे घालवतात. कुठे पडली ते लिहा: पाखाडीवर, विहिरीच्या काठावर, न्हाणीत, उंबरठ्याला अडखळून, शेताच्या बांधावर. कोणत्या महिन्यात, उजेड होता का, पायांत काय होतं, मोतीबिंदू होता का, रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू होत्या का. पडल्यापासून किती तासांनी रुग्णालयात पोहोचली, किती दिवसांनी ऑपरेशन झालं. आणि वर्षाने ती चालते का, आहे का.

हे जिल्ह्याला झेपणारं काम आहे. डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने कोकणातल्या किशोरवयीन मुलींचा दीर्घकाळ चालणारा अभ्यास हाती घेतलेलाच आहे. हाडाची शिदोरी त्याच वयात भरली जाते, तेव्हा तिकडची माहिती आणि इकडची नोंदवही एकमेकींना पूरक ठरतील. विद्यार्थ्यांना गावातली कुटुंबं दत्तक देण्याची पद्धत अभ्यासक्रमात आहेच. त्या भेटींत रक्तदाब मोजतात तसं आजीला हात न टेकता खुर्चीवरून उठायला सांगावं, न्हाणीत पाहावं, पाखाडीला कठडा आहे का ते पाहावं. पहिल्या दोन-तीन वर्षांच्या नोंदी हाती आल्या की जिल्हा परिषदेला सांगता येईल की अमुक गावांतल्या अमुक पाखाड्यांना पावसाआधी शेवाळ खरवडून कठडे लावा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि लोखंडी कठडा यांना जाहिरात नसते. माझा अंदाज आहे की या जिल्ह्यात खुबे वाचवण्यात त्यांचा वाटा शिबिरांतल्या चिठ्ठ्यांपेक्षा मोठा निघेल. अंदाज चुकला तर नोंदवहीच तो खोडून काढेल, आणि तेही मला चालेल.

एक छोटी गोष्ट राहिली. राजापूरजवळचं उन्हाळे, संगमेश्वरातलं तुरळ, राजवाडी, आरवली, दापोलीकडचं उन्हवरे इथल्या गरम झऱ्यांवर सांधेदुखीसाठी लोक जातात. आंघोळीने बरं वाटत असेल तर खुशाल करावी. पण जमिनीच्या पोटातून तापून येणाऱ्या पाण्यात फ्लोराइड जास्त असणं जगभर आढळतं, आणि औषधी म्हणून ते बाटलीत भरून नेऊन पिणारेही आहेत. आपली प्रयोगशाळा आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणा यांनी मिळून प्रत्येक झऱ्याचं पाणी तपासावं आणि आकडा तिथेच फलकावर लिहावा. पिण्यासाठी कॅल्शियम हवं असेल तर नाचणीची आंबील आहे. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच तांदळात दहाही नाही. आपल्या वरकस जमिनीवरची नाचणी मागे पडली आणि रेशनचा तांदूळ ताटात वाढत गेला, हाही कधीतरी आपल्या पोषण विभागाच्या अभ्यासाचा विषय व्हावा.

नोंदवहीसाठी माणसं कुठून आणायची, असं विचाराल. माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिका प्रत्येक तालुक्यात आहेत. जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत सगळ्या याद्या आम्ही केल्या आहेत. गावातलं कोणतं घर कुठे आणि त्यात कोण एकटी राहते हे आम्हाला माहीत असतं. नमुन्याचा एक कागद आणि आपल्या एका प्राध्यापकाची अर्ध्या दिवसाची शिकवणी एवढं मिळालं तर मृग लागायच्या आत आम्ही कामाला लागू. उत्तराची वाट पाहते.

आपली,
रत्नागिरी जिल्ह्यातील एक निवृत्त विज्ञान शिक्षिका